मनकर्णाबाईंची शाल दिल्लीला जाते

ऑफिसच्या कपाटात उंदरीण व्याली, इथून हे सगळं सुरू झालं. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात माझ्याखेरीज दोष देण्यासारखं दुसरं कोणी सापडत नाही. उंदरीण तेवढी आधाराला आहे.

साल १९८६, मार्च महिना. कुरखेड्याहून सात मैलांवरच्या आमच्या गावात एका सरकारी खात्याचं छोटं ऑफिस होतं आणि त्यात मी कारकून होतो. खात्याचं नाव सांगत नाही. लाज माझी आहे, तिच्यात खात्याला ओढायचं कारण नाही. त्या वर्षी खात्याने गावातल्या बायकांसाठी क्रोशाच्या विणकामाचा तीन महिन्यांचा वर्ग काढला होता. नागपूरहून आलेल्या एक बाई चौदा जणींना पांढऱ्या सुती दोऱ्याच्या जाळीदार शाली विणायला शिकवत होत्या. वर्ग संपला आणि समारोपाला गडचिरोलीहून मोठ्या साहेबांच्या मिसेस पाहुण्या म्हणून यायचं ठरलं. पाहुणे म्हटले की शाल-श्रीफळ आलंच. नारळ लटारू शिपायाने आणला. शालीची काळजी नव्हती, कारण ऑफिसला स्वतःची शाल होती.

ऑफिसची शाल ही काय वस्तू असते ते बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. शाल तपकिरी, लोकरीची, डेड स्टॉक रजिस्टरात रीतसर नोंदलेली. सहा वर्षांत ती अकरा पाहुण्यांच्या खांद्यांवर पडली होती आणि अकरा वेळा कपाटात परत आली होती. सरकारी समारंभ सगळे मार्च ते मे या काळात येतात, आणि आमच्याकडच्या उन्हात लोकरीची शाल फोटो निघेपर्यंतसुद्धा अंगावर ठेववत नाही. पाहुणा फोटो झाला की ती हळूच काढतो, खुर्चीच्या पाठीवर टाकतो, पाणी पितो, भाषण करतो आणि जातो. मग लटारू तिची घडी करतो. त्याच्या आदल्या साली मला बढती मिळाली तेव्हा साहेबांनी हीच शाल माझ्याही अंगावर घातली होती, आणि समारंभ संपल्यावर मीच ती कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. पाहुण्याला घातलेली शाल पाहुण्याबरोबर निघून जाऊ शकते, हा विचार आमच्या ऑफिसात कुणाच्याच डोक्यात कधी आला नव्हता.

मॅडमची जीप शाळेच्या वळणावर दिसली आणि मी कपाट उघडलं. शालीच्या घडीत पाच गुलाबी पिल्लं झोपली होती. त्यांची आई बाजूला बसून माझ्याकडे पाहत होती. लटारू माझ्या मागून डोकावला.

"बाबू, बाळंतीण आहे जी. उठवू नका."

"अरे, पण मॅडम आल्या!"

"मंग? टॉवेल घाला मॅडमले."

लटारूचा टॉवेल मी पाहिला होता. मी तसाच मांडवाकडे पळालो. तिथे एका टेबलावर बायकांनी विणलेल्या वस्तू मांडल्या होत्या. चौदापैकी तेरा शाली अर्ध्याच होत्या. पुरी झालेली एकच, मनकर्णाबाईंची.

मनकर्णाबाई बौद्ध मोहल्ल्यातल्या. नवरा वारलेला, रोवणी-कापणीच्या मजुरीवर घर चालवलेलं. मुलगी गुणा, तिचं लग्न मेच्या शेवटच्या रविवारी ठरलं होतं. नवरीला पांढरं पातळ आणि त्यावर आईच्या हातची पांढरी शाल, हे त्यांनी वर्गाच्या पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं आणि गावात एकूण एक माणसाला सांगून ठेवलं होतं. शिकवणाऱ्या बाईंनी अननसाचा नमुना दिला होता. वर्गात कुणीच अननस पाहिलेला नव्हता. बाकीच्यांनी मुकाट्याने अननस विणायला घेतला. मनकर्णाबाई म्हणाल्या, जे फळ पाह्यलं नाई ते लेकीच्या अंगावर कायले? आणि त्यांनी स्वतःच्या डोक्याने काठाला मोहाची फुलं विणली. एकेक फूल असं की उचलून टोपलीत टाकावं. मी काही त्यातला जाणकार नाही, पण ती शाल पाहिली की आवाज खाली करून बोलावंसं वाटायचं.

ती शाल मी उचलली. विचारलं का? नाही विचारलं. मनकर्णाबाई स्वागतगीताच्या रांगेत उभ्या होत्या आणि मला वाटलं, बारा मिनिटांचा तर प्रश्न आहे. अकरा वेळा परत आली, तशी बाराव्यांदाही येईल. त्या गाणं संपवून वळायच्या आत शाल टेबलावर असेल.

आमचे साहेब गुणवंतराव यांनी ती मॅडमच्या खांद्यावर घातली. टाळ्या झाल्या, फोटो झाला. मी खुर्चीच्या मागे हात पुढे करून तयारच होतो. मॅडमनी शालीवरून हात फिरवला आणि माइक ओढला.

"आज एक कबुली देते," त्या म्हणाल्या. "इकडे मला सगळीकडे लोकरीच्या शाली घालतात आणि मी त्या खुर्चीवर ठेवून पळ काढते. पण ही किती हलकी आहे! गारवाच वाटतोय. ही मात्र मी घरी घेऊन जाणार."

माणसं खूष झाली. सूत्रसंचालन करणारे सोमाजी मास्तर म्हणाले, "हा आपल्या गावाचा सन्मान आहे!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. रांगेतल्या मनकर्णाबाईंनी पदर सावरला आणि शेजारणीला कोपराने ढोसून दाखवलं, की पाह्य, माही शाल कुठी गेली ते. त्यांचीही समजूत माझ्यासारखीच होती, की सन्मान झाला की वस्तू परत येते. तासाभराने जीप धूळ उडवत निघून गेली.

"भाऊ," मनकर्णाबाई माझ्यापाशी आल्या, "माही शाल?"

खरं सांगायला चार शब्द पुरले असते. मी चुकलो, शाल गेली. पण तेवढ्यात साहेब तिथून गेले, मास्तर गेले, आणि माझ्या तोंडातून जे बाहेर पडलं ते असं: "मनकर्णाबाई, अभिनंदन! तुमची शाल प्रदर्शनासाठी निवडली गेली. गडचिरोलीला. मॅडम स्वतः घेऊन गेल्या. आठवड्याभरात परत येईल."

"निवडली?" त्यांनी विचारलं.

"हो. निवड झाली."

त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मी मान खाली घातली. आयुष्यात त्यांची कशासाठी निवड झाली नसावी. त्या म्हणाल्या, "मंग राहू द्या जी आठ दिवस. लग्नाले टाइम आहे." आणि घरी जाताना त्यांनी वाटेत भेटलेल्या प्रत्येक माणसाला ते सांगितलं.

पुढच्या सोमवारी मी रजा टाकून एस.टी.ने गडचिरोली गाठली. मनात वाक्य पाठ केलं होतं: मॅडम, थोडी गफलत झाली, ती शाल एका नवरीची आहे. कुरखेड्यापासून गडचिरोलीपर्यंत मी ते वाक्य घोळवलं. बंगल्यावर गेलो, बैठकीत बसलो, आणि समोर पाहिलं तर शाल फ्रिजवर होती. फ्रिजवर अंथरलेली, मोहाची फुलं पुढून लोंबताहेत आणि वर प्लॅस्टिकच्या फळांची परडी. परडीत एक अननसही होता.

मॅडम फार चांगल्या बाई होत्या, हीच तर अडचण होती. वाईट बाई असत्या तर मी बोललो असतो. त्यांनी मला सरबत दिलं, खुर्ची पंख्याखाली ओढायला लावली आणि म्हणाल्या, "बघा ना, येणारा प्रत्येक जण हिच्याबद्दलच विचारतो. तुम्ही कशासाठी आलात?"

मी म्हणालो, "मॅडमना शाल आवडली का, हे विचारायला साहेबांनी पाठवलं."

"किती काळजी घेता तुम्ही लोक! मग एक काम कराल? अशाच आणखी दोन हव्यात. एक आईला, एक नणंदेला."

"हो मॅडम," मी म्हणालो.

एक शाल परत आणायला गेलो आणि दोन शालींची ऑर्डर घेऊन आलो. एस.टी.त शेजारी बसलेल्या माणसाने विचारलं, भाऊ, घरी कोणी बिमार आहे का?

आठवडा संपला. मनकर्णाबाई ऑफिसच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. आत कधी येत नसत. "आली का जी शाल?" मी सांगितलं की शाल गडचिरोलीत पहिली आली, म्हणून पुढच्या फेरीसाठी नागपूरला गेली. पुढच्या आठवड्यात ती नागपूरहून मुंबईला गेली. मुंबईला गेल्याचं ऐकून मोहल्ल्यात गुळाचा चहा झाला आणि एक कप लटारूच्या हाती माझ्यासाठी आला. मी तो प्यायलो. एप्रिलच्या मध्यात शाल दिल्लीला पोचली आणि तिथे मला थांबावं लागलं, कारण दिल्लीच्या पुढे काय हे मलाच ठाऊक नव्हतं. आमच्या शेजारच्या केसरबाईंनी मात्र कुंपणावरून विचारलंच, "आता इंग्लंडले जाते का काय वो ते?" केसरबाईंचा स्वर मला आवडला नाही.

घरी मी कमळाला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. तिने तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं.

"जा आनि सांगा त्या बाईले," ती म्हणाली.

"सांगतो. रविवारी सांगतो."

"आज काऊन नाई?"

"अगं, माझी काही प्रतिष्ठा आहे की नाही गावात?"

"तुमाले तुमची लाज दिसून राह्यली. तिले काय वाटन ते नाई दिसून राह्यलं," असं म्हणून तिने सूप झटकलं. सगळी फोलपटं माझ्या अंगावर आली. मला वाटतं ते मुद्दाम होतं.

त्या रविवारी मी गेलो नाही. त्याऐवजी मी एक निर्णय घेतला, आणि तो मला त्या वेळी फार मर्दानी वाटला. शाल मी घालवली, तर शाल मीच विणून देईन. जे काम चौदा बायका तीन महिन्यांत शिकल्या ते मॅट्रिक झालेल्या, टायपिंगची परीक्षा दिलेल्या माणसाला का जमू नये? शिवाय विणकामाची कृती आमच्या फाइलीतच होती. शिकवणाऱ्या बाईंनी ती वर्गाच्या अहवालाला जोडून दिली होती: साखळी, मुका खांब, खांब असे टाके, दोन साखळ्या सोडून पुन्हा खांब. वाचायला सोपी होती. आमच्या खात्याची परिपत्रकं समजून घेणाऱ्याला त्यात अवघड काही नव्हतं.

आता दोरा. वर्गातला उरलेला दोरा आमच्याच स्टोअरमध्ये होता. तो काढायचा तर मागणीपत्र लागतं. मी मागणीपत्र लिहिलं. स्टोअर माझ्याकडेच असल्यामुळे ते माझ्याचकडे आलं. मी ते नियमात बसवून पाहिलं, बसेना. "वैयक्तिक कारणासाठी साहित्य देता येत नाही" असा शेरा मारून मी माझी मागणी नामंजूर केली आणि सही केली. नोकरीत मी प्रामाणिक होतो, हे एवढ्यासाठीच सांगतो. मग वडशाला जाऊन दोरा आणि सुई विकत आणली. दुकानदाराने विचारलं, वहिनीसाठी? मी म्हणालो, ऑफिससाठी. तो म्हणाला, मग ऑफिसच्या नावाने पावती फाडू? मी दुकानातून जवळजवळ पळालोच.

दुपारी एक ते तीन मी रेकॉर्ड रूममध्ये आतून कडी लावून बसू लागलो. पहिले चार दिवस साखळीच जमेना. सुई दोऱ्यात जायची, बाहेर यायची, आणि दोरा जिथे होता तिथेच असायचा. पाचव्या दिवशी साखळी जमली. इतका आनंद झाला की मी सव्वादोनशेच्या जागी तीनशे साखळ्या घातल्या. त्या मोजताना दोनशे नव्वद भरल्या, पुन्हा मोजताना तीनशे चार. मी मधला आकडा धरला.

खरा घोटाळा खांबांत झाला. प्रत्येक ओळीच्या शेवटी माझा एखादा खांब गळायचा. कुठे गळायचा ते कळायचं नाही. शाल वर सरकत होती आणि अरुंद होत होती. शिवाय मनात भीती असली की माझा हात आवळतो. सुरुवात तीन हात रुंद होती, विसाव्या ओळीला दोन हात राहिली. मी घाबरून पुढच्या ओळीत जास्तीचे खांब घातले, तर कडेला झालर आल्यासारखं झालं. ते मोहाचं फूल आहे अशी मी स्वतःची समजूत घातली.

आणि आकडे डोक्यातून जाईनात. जेवताना, चालताना, आंघोळीला मी पुटपुटायचो, एक खांब, दोन साखळ्या, एक खांब. बोटं आपोआप हलायची. केसरबाईंनी हे कुंपणावरून दोन दिवस पाहिलं आणि कमळाला गाठलं.

"कमळे, तुह्या नवऱ्याले कोनी काई केलं. बोटाईनं हवेत काई धरून राह्यला तो. मार्कंड्याच्या देवळात नेऊन आन त्याले. नाईतर मुळीवाल्या वैदूले दाखव."

"तसं काई नाई वो बाई," कमळा म्हणाली. "ऑफिसचं काम आहे."

"ऑफिसचं काम असं हवेत करतेत?"

कमळा आत निघून आली. दोन दिवसांत गावभर झालं की श्रीहरीबाबूला, म्हणजे मला, बाहेरची बाधा झाली आहे. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून हळू आवाजात विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? एकाने ताईत आणून दिला. एकाने कडुनिंबाचा काढा सुचवला. वाईट याचं वाटलं की त्यातल्या एकालाही माझ्या सचोटीबद्दल शंका नव्हती. सगळे माझ्या प्रकृतीलाच जपत होते.

मेच्या पहिल्या आठवड्यात लटारूने रेकॉर्ड रूमची कडी बाहेरून हलवून हलवून पाडली. जुनी कडी होती. मी मांडीवर पसरलेला पांढरा पसारा फाइलीखाली लपवायला गेलो, पण तोवर तो फार मोठा झाला होता. लटारू धिवर, मासेमाऱ्यांच्या घरातला. वैनगंगेच्या काठच्या मामाकडे लहानाचा मोठा झालेला, जाळं विणण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तो खाली बसला. एक टोक उचलून उजेडाकडे धरलं.

"बाबू, हे कोन्या मासोळीचं जाळं होय जी?"

मी त्यालाही सगळं सांगितलं. सांगून टाकण्याची मला सवय लागत चालली होती, फक्त जिला सांगायचं तिलाच सांगत नव्हतो. लटारू हसला नाही. त्याने जाळीत बोट घालून पाहिलं. "इथून वाघूर मासोळी पळते, इथून मरळ," तो म्हणाला. "पन ह्या कोपऱ्यातून झिंगासुद्धा नाई निंघत. हात सैल सोडा जी. पान्यात जाळं फेकताना माणूस आवळून धरते का?"

हा सल्ला खरोखर चांगला होता. हात सैल सोडला आणि भोकं मोठी झाली. आता शालीचं एक टोक गच्च, मधला भाग बरा आणि दुसरं टोक असं की त्यातून माझं मनगट जायचं. दोन जागी ती उसवली, तेव्हा लटारूने स्वतःच्या पद्धतीने जाळ्याच्या गाठी मारून दिल्या. त्या गाठी या जन्मात सुटणार नव्हत्या. त्याच सुमारास गडचिरोलीच्या साहेबांची बदली झाल्याची बातमी आली. मॅडम फ्रिजसकट, शालीसकट मराठवाड्यात कुठेतरी गेल्या. दोन शालींची ऑर्डर आपोआप बुडाली. तेवढी एक गोष्ट माझ्या बाजूने झाली, आणि शाल परत मिळायची उरलीसुरली वाटही बंद झाली.

लग्न रविवारचं. शुक्रवारी सकाळी मी माझी शाल वर्तमानपत्रात गुंडाळली आणि मनकर्णाबाईंच्या अंगणात गेलो. मांडव अर्धा घालून झाला होता. जांभळीचे डहाळे टाकणं चालू होतं. दहा-बारा बाया डाळ पाखडत होत्या. गुणा उंबऱ्यात बसून हातात बांगड्या भरून पाहत होती.

"जयभीम भाऊ, या," मनकर्णाबाई उठल्या. आणि पुडक्याकडे पाहून त्यांनी हात पातळाला पुसले. "आली? दिल्लीहून आली!"

सगळ्या बाया जवळ आल्या. मी खरं सांगायलाच गेलो होतो. कमळाला तसं वचन देऊन निघालो होतो. पण इतक्या जणींचे चेहरे पाहिले आणि माझी जीभ पुन्हा तिच्या वाटेने गेली.

"आली," मी म्हणालो. "पण दिल्लीचं पाणी वेगळं असतं. त्यांनी ती धुतली, आणि जरा आकसली."

मनकर्णाबाईंनी पुडकं सोडलं. शाल दोन्ही हातांत धरून उघडली. बायांमध्ये कोणी तरी फिस्सकन हसलं, मग दुसरी हसली. मनकर्णाबाई हसल्या नाहीत. त्यांनी शाल मांडीवर पसरली आणि कडेने बोट फिरवत एकेक ओळ पाहू लागल्या, जसं कोणी पत्र वाचतं.

"ही माही नाई," त्या म्हणाल्या. "हे नव्या हाताचं काम होय. इथी खांब सुटला. इथी समजलं, तर भीतीनं तीन जादा घातले." मग लटारूच्या गाठीपाशी त्यांचं बोट थांबलं. "आनि ही तं जाळ्याची गाठ होय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोनी केली भाऊ?"

"मी केली," मी म्हणालो.

हसणं थांबलं. मग मी सगळं सांगितलं. उंदरीण, खुर्चीची पाठ, फ्रिज, गडचिरोली, नागपूर, मुंबई, दिल्ली. कुठेही प्रदर्शन नव्हतं. कुणीही निवड केली नव्हती. हे वाक्य मी सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण शाल गेल्याहूनही ते वाक्य वाईट होतं. गुळाचा चहा मला आठवला. जमिनीने मला पोटात घ्यावं असं लोक म्हणतात ते मी अनेकदा ऐकलं होतं. त्या दिवशी मी खरंच जमिनीकडे पाहिलं, पण ती सारवलेली होती आणि चांगली घट्ट होती.

मनकर्णाबाईंनी शालीवरचं बोट उचललं.

"कवा समजलं तुमाले, का शाल वापस नाई येत म्हनून?" त्यांनी विचारलं.

"त्याच दिवशी. मार्चमध्ये."

"मार्चमदी." त्यांनी ते महिने बोटांवर मोजले. "भाऊ, शाल त्या बाईले आवडली, नेली, त्याचं मले काई नाई. पन तुमी मले मार्चमदी सांगतलं असतं तं मी दुसरी केली असती. आता हात बसला होता माहा. दोन महिन्यांत झाली असती. तुमी माहे दोन महिने नेले जी."

दोन महिने मी, आधी थापा मारून आणि मग रेकॉर्ड रूममध्ये बसून, माझी प्रतिष्ठा विणत होतो, आणि हा इतका साधा विचार मला एकदाही सुचला नाही. ज्या बाईला शाल विणता येत होती ती हजार पावलांवर राहत होती. तिला फक्त खरं सांगायचं होतं. माफ करा असं काहीतरी मी पुटपुटलो. मनकर्णाबाईंनी माझी शाल घडी करून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "आयतवारी लग्नाले या. वहिनीले घेऊन या."

मी जाणार नव्हतो. कमळा म्हणाली, "याच्यातून तरी पळू नका." म्हणून गेलो आणि मांडवाच्या सगळ्यात मागच्या रांगेत, खांबाच्या आड बसलो. गुणा पांढऱ्या पातळात उभी होती. अंगावर शाल नव्हती. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की तिथे शाल असायला हवी होती, आणि आता का नाही तेही ठाऊक झालं होतं. माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं, आणि ते पाहण्यापेक्षा वाईट होतं. त्रिसरण, पंचशील झालं, हार घातले गेले, फुलं उधळली गेली. मग आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आहेर माइकवरून पुकारले जाऊ लागले. सोमाजी मास्तर कागद पाहून वाचत होते. बापूरावांकडून पितळेची घागर. नवरदेवाच्या मामाकडून कंदील. मोहल्ल्याच्या मंडळाकडून पाच भांडी.

मी आहेर म्हणून एक पातळ आणलं होतं, ते कमळाच्या हाती दिलं होतं. त्याचंच नाव येईल म्हणून मी मान खाली घालून वाट पाहत होतो.

"आपल्या गावच्या ऑफिसचे श्रीहरीबाबू यांच्याकडून," मास्तर म्हणाले आणि थांबले. त्यांनी कागद जवळ धरला, मनकर्णाबाईंकडे पाहिलं. मनकर्णाबाईंनी मान हलवली. मास्तरांनी पुढे वाचलं, "नवरीला, स्वतःच्या हाताने विणलेली शाल."

मनकर्णाबाईंनी ती दोन्ही हातांनी उचलून मांडवाला दाखवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. गच्च टोक दिसलं, भोकं दिसली, लटारूच्या गाठी दिसल्या. मग त्यांनी ती लेकीच्या खांद्यांवर घातली. एका खांद्यावर ती पुरली, दुसऱ्यावरून घसरू लागली, तर गुणाने ती हाताने धरून ठेवली. कोणी हसलं नाही. लटारूने टाळी वाजवली, मग साऱ्या मांडवाने वाजवली. मास्तर माइकवरून मला उभं राहायला सांगत होते. कमळाने मला कोपराने ढोसलं, आणि मी उभा राहिलो.

मनकर्णाबाईंनी हे माझा मान राखायला केलं की मला चारशे माणसांपुढे उभं करायला, हे मला तेव्हा कळलं नाही. पुढे सात वर्षं मी त्या गावात नोकरी केली, त्या रस्त्यात भेटत, भाऊ म्हणत, पण विचारायचं धाडस झालं नाही. त्या दिवशी जेवणाच्या पंगतीत त्यांनी स्वतः येऊन माझ्या पत्रावळीवर भात वाढला आणि म्हणाल्या, "पोटभर जेवजा भाऊ." मी हो म्हणालो. मला एक घास गिळवत नव्हता, पण पत्रावळीवर टाकायचीही लाज वाटली, म्हणून तो सगळा भात मी संपवला.